आडव्या बाटलीचं गणित

‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे शब्द तुमच्या कानावर आले असतीलच. वस्तीतलं दारूचं दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, यावर बायकांचं मतदान होतं तेव्हा मतपत्रिकेवर ही दोन चित्रं असतात. उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळावं असं. पण हे मतदान नेहमीच्या निवडणुकीसारखं नाही, आणि घोळ होतो तो इथेच.

नगरपालिकेला ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. इथे तसं चालत नाही. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या यादीत जेवढ्या बायकांची नावं आहेत, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. यादीत हजार नावं असतील तर किमान ५०१. समजा ४९० आडव्या पडल्या आणि उभ्या फक्त वीस, तरी दुकान चालूच! म्हणजे घरी राहिलेली, कामाला गेलेली, एवढंच काय, देवाघरी गेलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्याच बाजूची धरली जाते.

म्हणून आम्ही बचत गटाच्या बायका मोर्चाच्या आधी मतदार यादी घेऊन बसलो. काय काय निघावं त्यात! एका घरात सासूबाईंना जाऊन चार वर्षं झालेली, नाव तसंच. लेकी लग्न होऊन पुण्याला, नाशिकला गेल्या, नावं माहेरीच. आणि रोज त्या दुकानासमोरून पोरांना शाळेत नेणाऱ्या सुनेचं नाव मात्र नाही. मयताचं नाव काढायला नमुना ७, पहिल्यांदा नाव घालायला नमुना ६ आणि माहेरचं नाव सासरी आणायचं तर नमुना ८. आपल्या भागाच्या बीएलओकडे हे अर्ज देता येतात. काम कंटाळवाणं आहे खरं, घोषणा देण्याइतकी मजा त्यात नाही.

मतदानाआधी अर्ज करावा लागतो, त्यावर यादीतल्या किमान २५ टक्के बायकांच्या सह्या लागतात. उत्पादन शुल्क खात्याची माणसं त्या सह्या पडताळून पाहतात. मत गुप्त असतं, सही उघडी. जिचा नवरा रोज पिऊन येतो तीच सही करताना कचरते. “ताई, मत देईन, पण कागदावर नाव नको,” असं एकीने मला दारात हळूच सांगितलं. तिचं काय चुकलं? रात्री घरात तिलाच राहायचंय. म्हणून सह्यांसाठी आधी जिला घरून धाक नाही अशा मास्तरीण बाई, पेन्शनवाल्या काकू, अंगणवाडीच्या ताई यांच्याकडे जावं.

बारची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्याकडे बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी का असते, विचार केलाय कधी? मूळ कायदा १९४९ चा, तोही दारूबंदीचा. त्यामुळे पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदेशी दारूचा एक दिवसाचा पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. तुमच्या ओळखीच्या किती जणांच्या खिशात असा कागद पाहिलात? एकोणीस वर्षांच्या पोराला टेबलावर बाटली मिळते, तेव्हा लेखी तक्रार करायला हाच नियम हाताशी असतो. तक्रारीची पोच मात्र घेऊन ठेवा.

“बंद करून काय होणार, पिणारा पितोच,” असं पुरुष मंडळी म्हणतात. अगदीच खोटं नाही ते. चंद्रपूर जिल्ह्यातली २०१५ ची दारूबंदी सरकारने २०२१ मध्ये उठवली, तेव्हा अवैध दारूचंच कारण पुढे आलं होतं. पण आम्ही जिल्ह्याचं बोलतच नाही. एसटी स्टँडवरून क्लासहून येणाऱ्या पोरींच्या वाटेवरचं एक दुकान, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आमचा अर्ज अजून गेलेला नाही. निम्म्या गल्ल्या झाल्यात. गुरुवारी बाजार, त्या दिवशी कोणी घरी सापडत नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपली की यादी घेऊन पुन्हा निघायचंय.