सल्ला आणि संमती

मराठी बायबलात चर्चसाठी योजलेला शब्द आहे ‘मंडळी’. चर्च म्हटले की डोळ्यांसमोर मनोरा येतो, घंटा येते. मंडळी म्हटले की माणसे येतात: लग्नाला जमलेली मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी. जुन्या वळणाचे गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच करीत, आणि सही कोणाचीही असली तरी घरातले निर्णय प्रत्यक्षात कोण घेते, हे सर्वांना ठाऊक असे. माणसे म्हणजेच मंडळी हे एकदा मान्य केले, की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. हिचा कारभार पाहायचा कोणी? दीक्षित धर्मगुरूंनी, की रविवारी बाकावर बसणाऱ्या आणि सोमवारी पाळीवर जाणाऱ्या प्रापंचिकांनी?

प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. पुजारी आणि विश्वस्त यांच्यातली ओढाताण आपण गावोगावी पाहतो. पण चर्चने या नात्याचे नियम कलमवार लिहून ठेवले आहेत, म्हणून त्याकडे पाहिले तर आपल्याही पदरी काही पडेल.

१९७० हे साल पिंपरी-चिंचवडकरांच्या लक्षात असते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून एक नगरपालिका झाली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात आणखी एक विलीनीकरण झाले. सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आले. चार गावांच्या वेशी पुसणे सोपे नसते, तसेच सहा पंथांच्या सवयी पुसणेही. अँग्लिकनांकडे बिशपचा शब्द वजनदार. प्रेस्बिटेरियनांकडे निवडलेल्या वडीलजनांची सभा मोठी. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागात रुजलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे स्थानिक मंडळीच्या सभासदांनी आपला निर्णय आपण घ्यायचा. या तिन्ही प्रवाहांचा मेळ घालायचा तर सत्ता वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून घडी अशी बसली. तळाशी स्थानिक मंडळी आणि तिची पास्टोरेट कमिटी, त्यावर धर्मप्रांताची डायोसिजन कौन्सिल, आणि सर्वांत वर सिनॉड. प्रत्येक पायरीवर दीक्षितांबरोबर प्रापंचिकांचे प्रतिनिधी बसतात, आणि ते नुसते बसत नाहीत, मत देतात. धर्मप्रांताच्या कौन्सिलचे अध्यक्षपद बिशपकडे असते, पण बिशपच्या निवडीच्या प्रक्रियेत प्रापंचिकांचाही आवाज असतो. उपासना आणि सिद्धांताच्या बाबतीत बिशपांच्या मताला विशेष वजन आहे. पैसा, इमारती, शाळा यांचा विचार मात्र सर्वांनी मिळून करायचा.

हे सारे परदेशातून आयते आले असे मानणे चूक ठरेल. अहमदनगरच्या मिशनमध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८५४ मध्ये, म्हणजे मिशनने तिथे ठाणे मांडल्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात पैसा मिशनचा होता, आणि ज्याची थैली त्याचा शब्द हा न्याय धर्मकार्यालाही चुकत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ही परावलंबी व्यवस्था अखेर सोसली नाही. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मंडळी कोणाची, हा प्रश्न मराठी मातीतच विचारला गेला आहे.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मग मोटारींचे, स्कूटरचे कारखाने आले आणि नगर, सोलापूर, मराठवाड्याकडून माणसे आली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. या माणसांना कारखान्याने यंत्रांइतकीच सभा शिकवली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी वर्क्स कमिटीची तरतूद होती, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत असे बंधन होते. युनियनची निवडणूक, पतपेढीची वार्षिक सभा, ‘ताळेबंदातल्या अमुक रकमेचा खुलासा करा’ असे उभे राहून विचारणे, हे त्यांच्या अंगवळणी पडले. असा माणूस रविवारी अर्पणाच्या थैलीत नोट टाकतो, तेव्हा वर्षअखेर हिशेबही मागणारच. त्यात श्रद्धेचा अभाव नाही.

रोमन कॅथलिक चर्चची रीत वेगळी. पिंपरी-चिंचवडची कॅथलिक धर्मग्रामे १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतात. तिथे बिशपची नेमणूक पोप करतात, मतदान नाही. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मग्रामाच्या पाळकीय परिषदेचे मत केवळ सल्ल्यापुरते असते. मात्र पैशांपाशी ही संहिता एकदम सावध होते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती सक्तीची आहे. धर्मप्रांताच्या आर्थिक परिषदेत हिशेब आणि कायदा जाणणारी, सचोटीची किमान तीन माणसे हवीत, आणि बिशपचे चौथ्या पायरीपर्यंतचे नातेवाईक तिथे चालत नाहीत. मोठ्या, असाधारण व्यवहाराला तर बिशपला या परिषदेची संमती घ्यावी लागते. नुसता सल्ला तिथे पुरत नाही.

सल्ला आणि संमती या दोन शब्दांतले अंतर बँकेत हयात घालवलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कर्जाची शिफारस करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा. शिफारस डावलता येते, मंजुरीवाचून पैसा हलत नाही. ट्रस्टचे खाते उघडायला कोणीही आले, मंदिराचे, मशिदीचे वा चर्चचे, तरी आम्ही तेच मागत असू: नोंदणीचा दाखला, विश्वस्तांची यादी, सभेचा ठराव, सह्यांचे नमुने. समोरचा माणूस कितीही पूज्य असो, एकट्याच्या सहीवर संस्थेचा पैसा सोपवू नये, हा नियम अविश्वासातून आलेला नाही. तो त्या माणसाचेही रक्षण करतो. दुसरी सही असली की पहिल्यावर किटाळ येत नाही.

आणि या पट्ट्यात आज सर्वांत मोठा पैसा जमिनीत आहे. पूर्वी माळरान म्हणून दुर्लक्षिलेले तुकडे आता सोन्याच्या भावाचे झाले आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हे १९५० च्या कायद्याचे कलम ३६ सांगते. याच मूळच्या मुंबई कायद्याखाली गुजरातेतून एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० च्या विलीनीकरणात सामील झालेल्या ब्रदरन चर्चची मालमत्ता कोणाची, असा तो वाद होता. २०१३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप दुसरीकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची रीत पाळावी लागते. मनाने एक झालेल्यांना कागदानेही एक व्हावे लागते, आणि ते राहून गेले तर पुढच्या पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

पण मताचा अधिकार मिळाला म्हणजे सारे साधले असेही नाही. निवडणूक आली की गट येतात, गाव येते, भावकी येते. सभेला गणसंख्या भरत नाही आणि निकालानंतर तक्रारींना मात्र भरती येते. धर्मगुरूंच्या एकाधिकाराची जागा दोन-चार वजनदार सभासदांनी घेतली, तर मंडळीच्या पदरात काय पडले? शिवाय चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर आलेला केरळ, झारखंड वा ईशान्येकडचा तरुण आहे. त्याचे नाव गावाकडच्या मंडळीच्या वहीत, उपासना इथे, आणि रविवारीही पाळी. त्याचे मत कोणत्या सभेत मोजायचे?

स्त्रियांचेही तेच. बाके त्यांनी भरायची, सणाची तयारी त्यांनी करायची, ठराव मात्र पुरुषांनी मांडायचा, ही रीत सर्वच धर्मांत मुरलेली. रोममध्ये २०२३ च्या सिनॉडच्या सभेत प्रथमच स्त्रियांना मताधिकार मिळाला. बिशपांच्याच मानल्या गेलेल्या सभेत प्रापंचिक स्त्रीचे मत मोजले गेले. शतकांच्या सवयीपुढे हे पाऊल लहान दिसेल, पण ते सल्ल्याकडून संमतीच्या दिशेने पडले आहे.

वेदीपाशी काय बोलायचे ते धर्मगुरूंनी ठरवावे. त्यासाठीच त्यांनी आयुष्य वाहिलेले असते. मात्र वेदीवरचे छप्पर, खालची जमीन आणि थैलीतला पैसा ही सर्वांची ठेव आहे. धर्मगुरूंनी ती मोकळ्या मनाने मंडळीपुढे मांडावी, हे झाले अर्धे काम. उरलेले अर्धे बाकावर बसणाऱ्यांचे आहे. सल्ला देणाऱ्याला जबाबदारी झटकता येते, संमती देणाऱ्याला नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचायचा असतो, आणि तो वाचायला रविवारची प्रार्थना संपल्यावर आणखी तासभर थांबावे लागते. एवढा वेळ काढणारी चार माणसे जिथे आहेत, तिथे मंडळी या शब्दाला अर्थ आहे.