पहिली शर्यत कोणती? बक्षीस नंतर बघा, आधी वळणं मोजा

"ताई, तुम्हीच सांगा आता ह्याला. माझं तर ऐकतच नाही."

जानेवारीतली संध्याकाळ. आमच्या सांगलीच्या वस्तीतली एक आई सतरा वर्षांच्या पोराला हाताला धरून माझ्या दारात उभी होती. पोरगा पहाटे पेपर टाकतो, मग कॉलेजला जातो. मामानं त्याला आपली जुनी रेसिंग सायकल दिलीय, खाली वाकलेल्या हँडलची. तेव्हापासून त्याच्या डोक्यात शर्यत शिरलीय. आईचा हिशोब सरळ होता. ताई नर्स होत्या, त्यांनी अपघात बघितलेत, त्या नाहीच म्हणणार.

मी म्हटलं, "कुठली शर्यत? दाखव बघू."

त्यानं मोबाईलवर तीन फ्लेक्सचे फोटो दाखवले. पहिली सांगलीजवळच्या एका गावात, जत्रेनिमित्त. गावाभोवतीच्या रस्त्याला दोन किलोमीटरच्या पंधरा फेऱ्या, आणि पहिलं बक्षीस डोळे दिपवणारं. दुसरी साताऱ्याकडची, घाटातली. तिसरी एमआयडीसीच्या रस्त्यांवर, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी. पाच किलोमीटरच्या सहा फेऱ्या, नवख्यांचा वेगळा गट, बक्षीस म्हणून मेडल आणि सर्टिफिकेट. पोराचं बोट अर्थातच पहिल्या फ्लेक्सवर होतं.

आपल्या भागात शर्यत म्हटलं की लोकांना बैलगाडीची आठवते. पण सायकलची शर्यतही इथं परकी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत महाराष्ट्राला कितीतरी वर्षं माहीत आहे. बोरघाट सगळ्यात आधी चढून जाणाऱ्याला तिथं 'घाटाचा राजा' म्हणतात. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळीच्या पूजा दानोळेनं २०२० मध्ये गुवाहाटीच्या 'खेलो इंडिया'त सायकलिंगचं सुवर्ण मिळवलं. तेव्हा पोराचं स्वप्न काही वेडगळ नव्हतं. "जायचंच नाही" म्हटलं असतं तर तो न सांगता गेला असता, एवढं मला त्या वयाचं कळतं. मला अडवायचं नव्हतं, निवडायचं होतं.

त्याला विचारलं, एकटा चालवतोस तेव्हा ताशी किती पडतं? म्हणाला, तीस. मोबाईलवर मोजलंय. मग आम्ही वहीचं पान घेतलं.

फेऱ्यांची शर्यत, ज्याला ही मुलं सर्किट म्हणतात, तिचा एक नियम घरच्यांना माहीत नसतो. पुढचा घोळका तुम्हाला एक पूर्ण फेरी मागं टाकून गाठतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पंच तुम्हाला बाहेर काढतात. आता समजा घोळका ताशी ३६ नं चालला. दोन किलोमीटरची फेरी तो ३ मिनिटं २० सेकंदांत संपवणार. आपला पोरगा ३० नं चालला तर त्याला ४ मिनिटं लागणार. दर फेरीला ४० सेकंद मागं. म्हणजे त्याच्या पाच फेऱ्या होताहेत तोवर घोळका मागून येऊन गाठणार. वीस मिनिटांत खेळ खलास, पंधरातल्या दहा फेऱ्या बाकी.

तोच पोरगा, तोच वेग, पण फेरी पाच किलोमीटरची. तिथंही पाच फेऱ्यांनीच गाठला जाईल, पण पाच फेऱ्या म्हणजे २५ किलोमीटर! पन्नास मिनिटं रस्त्यावर, आणि तोवर शर्यतच संपत आलेली. पोरगा आकड्यांकडं बघत गप्प बसला. त्याची आई म्हणाली, "म्हणजे फी भरायची आणि वीस मिनिटांत घरी?" तिला माझ्याआधी कळलं होतं.

घोळक्यात राहिला तर वेग वाढतो, हे तो म्हणाला आणि ते बरोबरच आहे. पुढच्याच्या मागं चिकटून चाललं की वारा कमी लागतो, ताकद पाव ते एक तृतीयांश वाचते. पण ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चालायचं, आणि पुढचा पडला तर विचार करायलाही वेळ नाही. हे अंगवळणी पडायला महिने लागतात, तेही दोघा-तिघांबरोबर रिकाम्या रस्त्यावर, कुणा जाणत्याच्या नजरेखाली. म्हणून नवख्यांचा वेगळा गट नसेल, सतरा वर्षांचा पोरगा आणि दहा वर्षं मुरलेला गडी एकाच रांगेत सुटणार असतील, तर ती शर्यत पहिली नव्हे.

दुसऱ्या दिवशी तो सायकलवर आणि मी स्कूटीवर, असे आम्ही जत्रेच्या गावचा रस्ता बघून आलो. एका फेरीत सहा वळणं, पंधरा फेऱ्यांत नव्वद. त्यातलं एक काटकोनी, आणि त्याच्याच तोंडाशी बांधकामाची खडी सांडलेली. दोन गतिरोधक, पट्टे न मारलेले. शिवाय उसाचा हंगाम. सांगली-साताऱ्यात दिवाळीनंतर मार्च-एप्रिलपर्यंत कुठल्याही रस्त्यावर जा, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो, बहुतेकांना मागं लाल दिवा नसतो आणि रस्त्यावर पाचट पडलेलं. पाचटावर दव पडलं की बारीक टायर साबणासारखा घसरतो. "शर्यतीच्या वेळी ट्रॅक्टर थांबवणार का?" असं तिथल्या एका कार्यकर्त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, "मॅडम, एका बाजूनं चालू राहतील की."

हे ऐकून मला जुनी एक दुपार आठवली. तेव्हा मी कॅज्युअल्टीत ड्यूटीला होते. अशाच एका गावच्या शर्यतीतला मुलगा आणला होता, छोट्या टेम्पोत, दोघांच्या मध्ये बसवून. मान डुलत होती. शर्यतीच्या जागी ॲम्ब्युलन्स नव्हती, हेल्मेट कुणी विचारलंही नव्हतं. कुणीतरी शुद्धीवर यावा म्हणून त्याच्या तोंडात पाणी ओतलं होतं, ते श्वासनलिकेत गेलं होतं. तो वाचला. पण पुढं त्याला शाळेतली साधी बेरीज जमेना, आणि त्याची आई दर महिन्याला फिटच्या गोळ्या न्यायला यायची. बक्षीस किती होतं कुणाला आठवत नव्हतं.

हेल्मेटला पोरं हसतात म्हणून सांगते. आंतरराष्ट्रीय शर्यतींतसुद्धा पूर्वी हेल्मेटची सक्ती नव्हती. २००३ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला, डोक्याला मार लागून गेला. त्याच वर्षी सक्ती आली. त्याच्यासारख्याला लागतं, तर पेपर टाकणाऱ्या पोराला लागतंच. हेल्मेट कपाळावर यावं, भुवईच्या वर दोन बोटं. पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढा घट्ट. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी पुन्हा घालायचं नाही, म्हणून जुन्या बाजारातलं घेऊ नका. आमच्या गल्लीत मंडळाच्या वर्गणीतून दोन घेतलीत, ज्याला लागेल तो वही लिहून नेतो.

मग तिसऱ्या शर्यतीच्या लोकांना मी स्वतः फोन केला. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद असणार का, ॲम्ब्युलन्स जागेवर उभी असणार का की फोन केल्यावर येणार, प्रत्येक वळणावर माणूस आहे का, मुलींसाठी संडासाची सोय आहे का. उत्तर देताना जो चिडतो त्याच्या शर्यतीला पोर पाठवू नये, हा माझा अनुभव. हे लोक चिडले नाहीत. पाच किलोमीटरच्या फेरीत ॲम्ब्युलन्स लांब पडू शकते, छोट्या फेरीत ती कायम जवळ असते. तेवढी एक बाजू मला खटकत होती, तीही विचारली. त्यांनी मागून एक गाडी ठेवली होती.

साताऱ्याच्या घाटाचं काय, असं पोरगा दोनदा विचारत होता. माझी भाची साताऱ्यात राहते, तिलाही सायकलचं वेड आहे. यवतेश्वरच्या घाटात ती रोज जाते, जिथं हिल मॅरेथॉन पळतात. चढाला माझी हरकत नाही. चढताना वेग कमी, पडलं तर खरचटतं. भीती उताराची. ब्रेकशू झिजलेले, रिमचा आउट न काढलेला, आणि समोरून कासला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या. घाटाची शर्यत वर टोकाला संपत असेल आणि सायकली टेम्पोतून खाली आणणार असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जरूर जा.

भाचीचं दुखणं वेगळं निघालं. चढाला तिला धाप लागायची, छाती धडधडायची, ती म्हणायची सराव कमी पडतोय. मी हिमोग्लोबिन करायला लावलं. नऊ भरलं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर ते कमीच. लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. संडास काळी होते, घाबरू नका. भाचीनं ती शर्यत सोडली. रडली बरीच. चार महिन्यांनी तोच घाट ती बोलत बोलत चढली.

शर्यतीच्या आधी कुणाचं काय बघावं? जोर करताना कधी चक्कर येऊन पडलाय का, छातीत दुखतं का, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का. यातलं एकाला जरी हो असेल तर सिव्हिलला जाऊन ईसीजी काढा, डॉक्टरांना दाखवा. दमा असेल तर पंप खिशात. अंगात ताप असेल तर शर्यत नाही, कितीही फी भरलेली असो. तापात जोर केला तर हृदयाला सूज येऊ शकते.

आणि एक गोष्ट रागानं लिहिते. आदल्या दिवशी "ताकदीची सलाईन" लावून घ्यायची पद्धत निघालीय. त्या बाटलीत मीठ-साखरेचं पाणी असतं, बाकी काही नाही. ते पैसे सायकलच्या ब्रेकवर घाला. वीस रुपयाचं एनर्जी ड्रिंकही नको, छाती उगाच धडधडते. तासाभराच्या शर्यतीला साधं पाणी पुरतं, तहान लागेल तसं घोट घोट. त्याहून लांब आणि उन्हाची असेल तर ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात. सुटण्याआधी दोन-तीन तास पोहे किंवा भाकरी. खिशात तासगावचे बेदाणे मूठभर. परदेशी पाकिटातला गोड चिकट लगदा जे काम करतो तेच बेदाणे करतात.

पडलंच कुणी, तर बेशुद्ध माणसाला बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हेल्मेट ओढायचं नाही. मान हलू न देता १०८ ला फोन. शुद्धीत असला तरी उलटी झाली, एकच प्रश्न परत परत विचारू लागला, झोपेतून उठवेना, तर वेळ न घालवता दवाखाना. खरचटलेल्या जागी हळद दाबू नका. सांगलीची हळद जगात जाते हे खरं, पण ती भाजीत. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं, साबणानं धुवायची, खडी काढायची, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

शर्यतीच्या सकाळी मी, पोरगा आणि त्याची आई तिघं गेलो. पहिल्या दोन फेऱ्या तो घोळक्यात टिकला, तिसऱ्यात सुटला. मागं राहिलेली आणखी दोन मुलं त्याला भेटली, तिघं आळीपाळीनं पुढं होत चालले. आई वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभी. तो दिसला की ओरडायची, "सावकाश! सावकाश रे!" शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा घोळक्याची धूळ अजून मागं दिसत नव्हती, तिघांना पंचांनी जाऊ दिलं. आणि ही बाई बाटलीचं झाकण उघडं ठेवून ओरडत होती, "पळव की! काय बघतोस मागं!"

बत्तीस जणांत तो सव्विसावा आला. गुडघ्याला खरचटलेलं नव्हतं.

पुढची शर्यत त्यानं स्वतः शोधलीय. फ्लेक्सचा फोटो मला पाठवला, खाली लिहिलंय: वळणं चार, गतिरोधक एक, ॲम्ब्युलन्स आहे, विचारलं.