बऱ्हाणपूर पायी : सुताची वाट, पाण्याची वाट

भुसावळहून खांडव्याकडे निघालेल्या गाडीने रावेर सोडलं की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येतं. इथे उतरणारा मराठी पर्यटक बहुधा मुमताजसाठी उतरतो. 17 जून 1631 रोजी ती या शहरात वारली, तापीपलीकडे जैनाबादला तिचं दफन झालं आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला गेला. गोष्ट खरी, पण तिच्या मागे धावताना शहर बघायचं राहून जातं.

हे शहर पायी हिंडण्यासारखंच आहे. निजाम-उल-मुल्कने 1731 मध्ये तट बांधला. आतला गाव जेमतेम सव्वा चौरस मैलांचा. म्हणून मी इमारतींची यादी करत नाही, विषय धरून चालतो.

पहिला विषय सुताचा, सुरुवात सिंधीपुऱ्यातून. सोळाव्या शतकात सिंध सोडून आलेली सुफी घराणी आणि विणकर इथे स्थिरावले. शाह ईसा जुंदुल्लाह हे त्यांतलं मोठं नाव. पुढे सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने इथलं कापड इराण, तुर्कस्तान, थेट पोलंडपर्यंत जाताना पाहिलं. आज हातमागाच्या जागी पॉवरलूम आहेत. बऱ्हाणपूरच्या गल्लीत खटखट ऐकू आली तर थांबावं, विचारून आत डोकावावं, फोटो मागाहून.

तिथून गांधी चौकातली जामा मशीद. घुमट नाही, दर्शनी पंधरा कमानी आणि दोन मनोरे. आदिलशाह फारुकीने ती बांधवली. आतल्या अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत लेख आहे, त्यात शके 1511 आणि राजाची वंशावळ. मशिदीत पंचांगाच्या पद्धतीने तिथी-वार कोरणारा हा सुलतान मला मुमताजच्या कथेपेक्षा जास्त गुंतवून ठेवतो. शुक्रवारची दुपार मात्र टाळावी.

पाण्याची वाट जराशी अवघड, कारण तिचा उगम पायांच्या आवाक्यात नाही. कुंडी भंडारा लालबागकडे, शहराबाहेर. 1615 मध्ये, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरलं. वर विहिरीसारख्या कुंड्यांची ओळ, शंभराहून अधिक. पंप नाही, नुसता उतार. 2024 मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला. सकाळी रिक्षाने जावं, लिफ्टने खाली उतरावं आणि दुपारी किल्ल्यातला हमाम पाहावा, म्हणजे इथल्या पाण्याच्या दोन्ही बाजू कळतात. मधल्या वेळी मावा जलेबी किंवा दराबा. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर रमजानात खाल्लेली जलेबी विसरून जावी.

मराठ्यांची वाट आखायची तर ती तटाबाहेर जाते. 1681 च्या आरंभी मराठी फौजेने बहादुरपुरा लुटला, आसपासचे पुरेही; वेशी बंद झाल्याने मुख्य शहर वाचलं. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंगही 1667 मध्ये इथेच वारला. तापी-मोहना संगमावरची त्याची छत्री चालत गाठायच्या भानगडीत पडू नये. रिक्षावाल्याशी जाण्या-येण्याचं भाडं आधीच ठरवून घ्यावं.