गोठ्याचा पहिला खर्च: ढोरं आजारी पडण्याआधीचा



मागच्या व्हिडिओत आपण ५ गायींच्या गोठ्याचा हिशोब मांडला. चारा, पेंड, मजुरी, दुधाचा दर, बँकेचा हप्ता, सगळं फळ्यावर आलं. अशा प्रत्येक बॅचला मी शेवटी एक प्रश्न विचारतो: "आजार येऊच नये म्हणून वर्षाला किती रुपये धरले?" बहुतेक वेळा उत्तर एकच येतं. "सर, आजारी पडलं तर डॉक्टरला बोलवू ना!"

आजचा लेख या उत्तरावरच आहे. अमळनेर तालुक्यात किंवा आपल्या खान्देशात कुठेही २-४ गायी, म्हशी किंवा १०-१५ शेळ्या घेऊन धंदा सुरू करणार असाल, तर हा लेख जनावर घेण्याआधी वाचा.

२०२२ची गोष्ट आपल्याच जिल्ह्याची आहे

लम्पी आठवतो ना? २०२२च्या साथीत महाराष्ट्रातली पहिली नोंद झाली ती ४ ऑगस्टला, आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. पुढच्या महिन्यात तर संपूर्ण राज्य 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं. जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. म्हणजे ज्याच्या गोठ्यात एकही जनावर आजारी नव्हतं, त्यालाही गाय विकता येईना आणि नवी आणता येईना.

सरकारने मोफत लसीकरण केलं आणि मदतही दिली. दगावलेल्या गायीमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये. आता तुमचा हिशोब काढा. समजा तुम्ही कर्ज काढून ७०,००० रुपयांची गाय आणली होती. मदतीचे ३०,००० मिळाले तरी ४०,००० रुपयांचा खड्डा राहिला. गाय गेली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

लस टोचली की संरक्षण लगेच मिळत नाही, हेही त्या साथीत अनेकांना उशिरा कळलं. शरीरात ताकद तयार व्हायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात. शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हातात तेवढे दिवस नसतात.

जनावर मरत नाही, तरी धंदा बसतो

लाळ्या-खुरकूत घ्या. मोठं जनावर त्यात सहसा मरत नाही, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. पण समजा तुमच्या ५ गायी रोज १० लिटर दूध देतात आणि दर ३० रुपये आहे. रोजचे झाले १,५०० रुपये. तोंडात फोड आले, चारा सुटला आणि २० दिवस दूध निम्म्यावर आलं, तर १५,००० रुपये गेले. औषध, डॉक्टरांची फी आणि पुढे लांबलेला माज वेगळाच.

यावरची लस केंद्र सरकारच्या कार्यक्रमात मोफत मिळते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी आहे.

सण लक्षात ठेवा, लस लक्षात राहील

तारखा विसरतात, पण आखाजी आणि पोळा खान्देशात कोणी विसरत नाही. म्हणून मी वेळापत्रक सणांना बांधून देतो.

*आखाजी झाली की:* पावसाळ्याआधीच्या लसी. गायी-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार. पहिल्या पावसानंतर कोवळा चारा आला की आंत्रविषार जोर करतो आणि चांगली धडधाकट शेळी सकाळी मेलेली सापडते. लम्पीची लसही याच सुमारास, वर्षातून एकदा. शेण तपासून जंताचं औषधही आत्ताच द्या.

*पोळ्याच्या आसपास:* माश्या, डास आणि गोचीड. लम्पी यांच्यामार्फतच पसरतो. संकरित गायींना गोचीड तापही याच दिवसांत गाठतो. गोचीड अंडी जनावराच्या अंगावर घालत नाही; ती खाली उतरून भिंतीच्या आणि जमिनीच्या फटींत घालते. त्यामुळे नुसत्या गायीवर फवारा मारून उपयोग नाही. फटी बुजवा, चुना मारा, गोठा आणि सगळी जनावरं एकाच दिवशी घ्या आणि २-३ आठवड्यांनी पुन्हा करा. औषधाचं प्रमाण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

*दिवाळीनंतर:* लाळ्या-खुरकूतची लस झाली का ते तपासा. ती ४ महिन्यांवरच्या जनावराला दर ६ महिन्यांनी लागते. सरकारी फेरी कधी आहे ते दवाखान्यात विचारून ठेवा.

दोन लसी सणावर नाहीत, वयावर आहेत. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासराला ब्रुसेलोसिसची लस, आयुष्यात एकदाच. शेळ्यांना पीपीआरची लस ३ वर्षांतून एकदा.

रोग बहुतेक वेळा आपणच घरी आणतो

बाजारातून गाय आणली, कुंकू लावलं, ओवाळलं आणि थेट जुन्या गायींच्या दावणीला बांधली. इथेच घात होतो. नवं जनावर वरून चांगलं दिसतं, पण रोग अंगात मुरलेला असू शकतो. लम्पीसाठी तर हा काळ २८ दिवसांपर्यंत धरतात.

म्हणून नव्या जनावराला ३ ते ४ आठवडे वेगळं बांधा. शेताच्या दुसऱ्या टोकाला ४ बांबू आणि शेडनेट टाकलं तरी चालेल. त्याची बादली, पाटी, दोर वेगळा. घरात काम करणारा एकच माणूस असेल, तर आधी जुन्या गायींचं काम, मग नवीचं. उलटं करायचं नाही. याच दिवसांत शेण, कासदाह आणि ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या. घेतानाच कानातला १२ अंकी बिल्ला पाहा. बिल्ल्याशिवाय विमा, मदत, विक्री सगळीकडे अडतं.

गोठ्याच्या दारात चुना टाका. लाळ्याची साथ असेल तर १ लिटर पाण्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून पाय बुडवायला ठेवा. व्यापारी, दूधवाला, पाहुणा कोणीही असो, पाय बुडवूनच आत. तुम्हाला संकोच वाटेल, पण दोनदा सांगितलं की लोक आपोआप करतात.

रोजच्या दोन सवयी

धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं. गाय लगेच शेणात बसली तर कासदाह होतो. म्हणून सड जंतुनाशकात बुडवा आणि वैरण धारेनंतर टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. यात वैरणीचा एक पैसाही वाढत नाही.

दुसरी सवय घरच्यांसाठी. गाय गाभडली तर वार उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. हातमोजे घाला, वार चुना टाकून खोल पुरा आणि दूध उकळूनच प्या.

एवढं करूनही आजार आला तर लपवू नका. "गावात कळलं तर दूध कोण घेईल?" ही भीती मला समजते. पण संसर्गजन्य रोगाची खबर देणं २००९च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि लपवलेला आजार आधी तुमच्याच उरलेल्या ४ गायींकडे जातो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा.

या आठवड्याचं काम

१. एक वही घ्या. प्रत्येक जनावराला एक पान: बिल्ला नंबर, लस, जंताचं औषध, आजार, रोजचं दूध. दूध अचानक उतरलं की आजाराची पहिली खूण वहीतच दिसते.

२. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये चाऱ्याच्या वर एक ओळ लिहा: 'आजार प्रतिबंध'. मी दर जनावरामागे वर्षाला १,००० रुपये धरायला सांगतो. ५ गायींचे ५,००० झाले. वरचं १५,०००चं उदाहरण पुन्हा एकदा वाचा.

३. नव्या जनावराची वेगळी जागा आधी तयार करा, मगच बाजारात जा.

ही तीन कामं झाली नसतील, तर गाय घ्यायची घाई करू नका. एक महिना उशीर परवडतो. पहिल्याच वर्षी गोठा रिकामा झाला, तर पुन्हा उभं राहणं फार अवघड जातं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.