पंप ही शेवटची पायरी नव्हे : दमा आणि ॲलर्जीची सर्दी



मागच्या हिवाळ्यात जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर गेलो होतो. शाळेची वेळ होती, तरी नऊ वर्षांची एक मुलगी घराच्या ओट्यावर बसलेली दिसली. "रातभर खोकते, पहाटे छातीत घरघर होते," आई म्हणाली. शेजाऱ्यांना क्षयाची शंका होती, म्हणून मुलीचे ताट वेगळे ठेवले होते. भगताकडे दोनदा जाऊन झाले होते. आम्ही तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. तपासणीत क्षय नव्हता; निघाला तो दमा. दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे ऐकूनच आईचे डोळे भरून आले.

हा आजार पाड्यावर आहे, तसाच आपल्या घरांतही आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

नेमके काय होते?

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. काही कारण घडले की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. मग धाप लागते, छाती भरून येते, शिट्टीसारखा आवाज येतो. झटका ओसरला तरी आतली सूज राखेखालच्या निखाऱ्यासारखी राहतेच. दम्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

ॲलर्जीच्या सर्दीत हेच नाकात घडते. धूळ किंवा परागकण यांसारख्या निरुपद्रवी वस्तूला शरीर शत्रू समजते आणि हिस्टामिनसारखी रसायने सोडते. सकाळी उठल्याबरोबर सलग शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, नाक-डोळ्यांना खाज, चोंदलेले नाक ही तिची लक्षणे. ताप नसतो. नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचाही त्रास असतो आणि नाकाकडे दुर्लक्ष केले तर दमाही आटोक्यात येत नाही.

कारणे

ॲलर्जीची प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यातून येते. ती चाळवणाऱ्या गोष्टी मात्र आसपास असतात. पाड्यावर खिडकी नसलेल्या खोलीतील चुलीचा धूर, पावसाळ्यापूर्वी राब भाजताना उठणारा धूर, भात झोडणीची धूळ आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वाट्याला येणारी वीटभट्टी. शहरात गादी-उशीतील डोळ्यांना न दिसणारे कीटक, झुरळे, ओल्या भिंतीवरची बुरशी, डासांची कॉइल, बिडी-सिगारेट. साधी विषाणूची सर्दी आणि थंड हवा तर सगळीकडेच.

निदान

डॉक्टर आधी नीट विचारपूस करतात. त्रास येतो-जातो का? रात्री किंवा पहाटे वाढतो का? घरात कोणाला आहे का? मग स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकण्याची चाचणी. श्वासनलिका मोकळी करणारे औषध देऊन सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. मोठ्या माणसात दुसऱ्या वेळी आकडा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरहून अधिक सुधारला, तर दम्याच्या निदानाला बळकटी मिळते. पाच वर्षांखालील मुलांना ही चाचणी सहसा जमत नाही. तिथे लक्षणे आणि औषधाचा गुण पाहून ठरवतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर क्षयाची तपासणी करायलाच हवी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

उपचार

पंप दोन प्रकारचे असतात. साल्ब्युटामोलसारखा आराम देणारा पंप आवळलेली नळी काही मिनिटांत सैल करतो, पण सूज कमी करत नाही. बुडेसोनाइडसारखा प्रतिबंधक पंप सूज उतरवतो. तो बरे वाटत असतानाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचा असतो. काहींना दोन्ही कामे करणारा एकच पंप देतात.

"पंपाची सवय लागते," ही भीती आपल्याकडे फार आहे. साल्ब्युटामोलच्या एका गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका झोतात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीतील औषध चाळीस पट, आणि ते साऱ्या शरीरात फिरते. पंपातले औषध थेट छातीत जाते, म्हणून थोडे पुरते. त्याचे व्यसन लागत नाही. प्रतिबंधक पंपानंतर चूळ भरायची, एवढेच पथ्य. मुलांसाठी पंपाला स्पेसर लावावा. तो नसेल तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून काम भागते.

नाकासाठी डॉक्टर स्टेरॉइडचा फवारा आणि सेटिरिझिनसारखी गोळी देतात. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यानेही आराम पडतो.

माझी चूक

दोन महिन्यांत ती मुलगी शाळेत जाऊ लागली. तिला धावताना पाहून मीच आईला म्हणालो, "आता बरी आहे, लागेल तेव्हाच पंप द्या." पुढे राब भाजण्याच्या दिवसांत एका रात्री तिला वाक्य पूर्ण बोलता येईना. 108 ची गाडी वेळेवर आली, देवाची कृपा. डॉक्टरांनी विचारले, "रोजचा पंप कोणी बंद केला?" मला मान वर करता आली नाही.

म्हणून धोक्याच्या खुणा पाठ करा : बोलताना दम तुटणे, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, आराम देणाऱ्या पंपानेही आराम न पडणे. अशा वेळी रुग्णाला आडवे न करता बसवा, स्पेसरमधून आराम देणाऱ्या पंपाचे एकेक करून चार झोत द्या आणि लगेच 108 ला फोन करा.

आपण काय करू शकतो?

उपासनेत खोकणाऱ्या भगिनीला मायेने विचारा. पंप घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. लूक स्वतः वैद्य होता. आम्ही त्या मुलीसाठी प्रार्थना करतो आणि रोज संध्याकाळी तिने पंप घेतला का, हेही विचारतो. आता तिच्या घरी चूल पडवीत आली आहे आणि ताटही सर्वांबरोबर मांडले जाते. पाड्यावर पंप एकदा पोहोचवून भागत नाही, तो महिन्यामागून महिना लागतो. आपण देणगी देताना आणि प्रार्थना करताना हे ध्यानात ठेवावे, ही विनंती.