हळदीच्या लेपाखाली गेलेले सहा तास

“पोराला उष्णता झालीय. हळदीचा लेप लाव, वरून एरंडाचं पान शेकून बांध. दोन दिवसांत उतरतंय.”

अंडात कळ येऊन सूज आली की सेनगावपासून वसमतपर्यंत घरातलं मोठं माणूस हेच सांगतं. हिंगोली जिल्हा हळदीचा. कापलं की हळद, मुरगळलं की हळद, सर्दी झाली की हळदीचं दूध. हळदीशी माझं भांडण नाही, त्या “दोन दिवसांत” या शब्दांशी आहे. ज्या दुखण्यात हातात जेमतेम सहा तास असतात, तिथं दोन दिवस थांबायला सांगणं म्हणजे पोराचा अवयव घालवणं. हे किती वेळा सांगायचं?

गैरसमज : अंड दुखलं, सुजलं म्हणजे उष्णता

वस्तुस्थिती : “उष्णता” नावाचा कुठलाही आजार वृषणाला होत नाही. अचानक जोराची कळ आली, तर पहिली शंका पिळाची घ्यायची.

वृषण एका देठावर लोंबतं. त्या देठातूनच रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी जाते. काही मुलांमध्ये वृषणाला धरून ठेवणारं आवरण जन्मतःच सैल असतं. मग वृषण घंटेतल्या लोलकासारखं मोकळं हलतं आणि केव्हातरी स्वतःभोवती फिरतं. दावं पिळावं तसा देठाला पीळ बसतो. आधी रक्त बाहेर पडायचं थांबतं, त्यानं सूज येते. मग आत येणारं रक्तही बंद होतं. रक्तावाचून वृषण मरतं.

हे कोणत्याही वयात होऊ शकतं, पण सर्वांत जास्त १२ ते १८ वर्षांच्या मुलांत. पुष्कळदा झोपेत. पोरगा मध्यरात्री पोट धरून उठतो, ओकतो. कळ ओटीपोटात जाते आणि लाजेनं तो खालचं दुखणं सांगतच नाही. घरचे पित्त समजतात, कधी अपेंडिक्स समजतात. रात्र तशीच जाते.

६ तासांच्या आत पीळ सोडवला तर १०० पैकी ९० हून अधिक वेळा वृषण वाचतं. त्यानंतर दर तासाला आशा कमी होते. २४ तास उलटले की बहुतेक वेळा ते काढून टाकावं लागतं. शस्त्रक्रिया छोटी असते : पीळ सोडवायचा आणि पुन्हा बसू नये म्हणून टाके घालून वृषण जागेवर बांधायचं. दोष सहसा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून दुसरी बाजूही त्याच वेळी बांधतात. डॉप्लर सोनोग्राफीत रक्तपुरवठा दिसतो. पण लक्षणं स्पष्ट असतील तर तपासणीसाठी खोळंबायचं नाही, असंच जगभरचे मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात.

आता हिशेब करा. सेनगाव किंवा औंढ्याच्या एखाद्या खेड्यातून हिंगोली गाठायची, गरज पडली तर पुढं नांदेड. सहा तासांतला मोठा वाटा रस्त्यातच जातो. लेप वाळायची वाट पाहायला वेळ उरतो कुठं?

गैरसमज : जंतुसंसर्ग झाला म्हणजे माणूस बाहेरख्याली

वस्तुस्थिती : या एका समजुतीनं किती पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाहीत! वृषणामागं अधिवृषण नावाची गुंडाळलेली नळी असते. संसर्ग बहुधा तिथं सुरू होतो आणि वृषणात पसरतो. दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतं. ताप येतो, लघवीला जळजळ होते, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तशी “उन्हाळी लागते”. तरुणांत याचं कारण पुष्कळदा शरीरसंबंधातून आलेले परम्याचे किंवा क्लॅमिडियाचे जंतू असतात, हे खरं. पण पस्तिशीपुढं बहुतेकदा लघवीच्या मार्गातले, आतड्यातून आलेले साधे जंतू असतात. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आणि लघवीसाठी घातलेली नळी ही त्यामागची नेहमीची कारणं. साठीतल्या आजोबांवर संशय घेण्याआधी त्यांची लघवी तपासा.

शेतकरी घरांनी आणखी एक कारण लक्षात ठेवावं : ब्रुसेलोसिस. गाय-म्हैस गाभडते तेव्हा त्यामागं हा जंतू असू शकतो. गाभडलेलं वासरू किंवा वार उघड्या हातानं उचलली, न उकळलेलं दूध प्यायलं, की तो माणसात येतो. चढ-उतार होणारा ताप, सांधेदुखी आणि पुरुषांत वृषणाची सूज ही त्याची लक्षणं. डॉक्टरांना गोठ्याबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या मनात हा आजार येणारही नाही. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना याची लस सरकारी कार्यक्रमातून मिळते. ती टोचून घ्या.

उपचार कारणाप्रमाणे ठरतो. साध्या संसर्गाला बहुधा १० ते १४ दिवस प्रतिजैविकं, विश्रांती, आधाराला घट्ट चड्डी किंवा लंगोट, आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ. दुखणं तीन-चार दिवसांत कमी होतं, सूज उतरायला काही आठवडे लागतात. दुखायचं थांबलं म्हणून गोळ्या सोडल्या की आजार उलटतो. संसर्ग शरीरसंबंधातून आलेला असेल तर जोडीदाराचाही उपचार हवा. त्यासाठी जिल्हा रुग्णालयांत “सुरक्षा क्लिनिक” असतं, तिथं नाव गुप्त राहतं.

गैरसमज : गालगुंड अंडात उतरलं की माणूस नपुंसक होतो

वस्तुस्थिती : वयात आल्यावर गालगुंड झालं तर वृषणाला सूज येऊ शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार लस न घेतलेल्यांत सुमारे ३० टक्के, घेतलेल्यांत ६ टक्के. ती बहुधा एकाच बाजूला येते. वृषण थोडं आकसू शकतं, पण कायमचं वंध्यत्व क्वचितच येतं. नपुंसकत्वाशी तर याचा संबंधच नाही. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. त्यासाठी एमएमआर लस बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावी.

आणखी काही

“एक वृषण काढलं की मूल होत नाही.” दुसरं निरोगी असेल तर मूल होतं.

“हस्तमैथुनानं अंड सुजतं.” नाही.

“वजन उचललं, चमक भरली, म्हणून सूज.” ती आंतरगळ असू शकते. तीही दुखायला लागून आत जाईनाशी झाली तर तातडीचीच.

“मोठं झालंय पण दुखत नाही, म्हणजे काळजी नाही.” पाणी साचलेलं असू शकतं, पण न दुखणारी टणक गाठ कर्करोगाचीही असते. दाखवा.

“गोळ्यांनी सूज हटत नाही, म्हणजे डॉक्टर चुकला.” असंही नाही, आठवडेच्या आठवडे राहिलेली गाठ क्षयाची असू शकते. तपासणी करून घ्या.

जळजळ आणि ताप असेल तर संसर्ग, अचानक कळ असेल तर पीळ, ही ढोबळ खूण झाली. घरबसल्या निदान कुणीही करू नये, कारण डॉक्टरांनाही कधीकधी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच नक्की कळतं.

आई-वडिलांना, आश्रमशाळेतल्या गुरुजींना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना एवढीच विनंती. रात्री पोरगा पोट धरून उठला तर एक प्रश्न जास्तीचा विचारा : “खाली दुखतंय का?” तो हो म्हणाला तर सकाळ होऊ देऊ नका. १०८ ला फोन लावा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.