आराखडा आणि वास्तू

चेन्नईच्या गिंडी भागात आज जे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे, त्याचे मूळ १७९४ साली मद्रासेत निघालेल्या भूमापनाच्या शाळेत सापडते. नकाशा म्हणजे जमीन नव्हे, हा भूमापकाचा पहिला धडा होय. जावा ही संगणकाची भाषा शिकणाऱ्यालाही हाच धडा गिरवावा लागतो.

१९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने प्रसिद्ध केलेल्या या भाषेत ‘क्लास’ हा आराखडा असतो आणि ‘न्यू’ या शब्दाने त्याबरहुकूम प्रत्यक्ष वस्तू, म्हणजे ‘ऑब्जेक्ट’, उभी राहते. ही उभारणी अडली की नवशिका गांगरतो. वास्तविक अडण्याची नेहमीची कारणे मोजकीच आहेत.

पहिले कारण, आराखडाच अपुरा असणे. ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ क्लासवरून वस्तू घडवू गेल्यास कंपायलर तेथेच नकार देतो. अशा वेळी उणे राहिलेल्या क्रिया पुऱ्या करणारा उपक्लास लिहून त्याची वस्तू घडवावी.

दुसरे कारण कन्स्ट्रक्टरचे. तो मुळीच लिहिला नसेल, तर जावा आपण होऊन एक रिकामा कन्स्ट्रक्टर पुरवते. परंतु एखादा लिहिताच ती सवलत संपते. ‘भूखंड’ या क्लासचा एकमेव कन्स्ट्रक्टर लांबी आणि रुंदी मागत असेल, तर रिकाम्या कंसाने भूखंड मिळत नाही. ती मापे द्यावीत, किंवा मापांवाचून चालणारा दुसरा कन्स्ट्रक्टर लिहावा.

तिसरी चूक अधिक फसवी. क्लासमध्ये चल घोषित केला, पण ‘न्यू’ने वस्तू घडवलीच नाही, म्हणजे दारावर पाटी लागली आणि घर मात्र बांधलेच नाही! कंपायलर हे निमूटपणे चालू देतो. कार्यक्रम चालताना मात्र ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ उद्भवते.

कधी आराखडा निर्दोष असूनही चालतेवेळी क्लासची फाइल सापडत नाही. तेव्हा ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येते आणि क्लासपाथ तपासावा लागतो.

म्हणून चूक दिसताच ओळी अंदाजाने बदलत बसू नये. तक्रार कंपायलरची आहे की चालत्या कार्यक्रमाची, हे आधी ठरवावे. मग संदेशातील चुकीचे नाव आणि ओळीचा क्रमांक पाहावा. ‘कॉज्ड बाय’ असे शब्द आढळल्यास मूळ कारण बहुधा त्यांच्यापुढेच लिहिलेले असते. संगणकाचा नकार हा अपमान नसून पत्ता आहे, हे ज्याला उमगले, त्याचे निम्मे काम झालेच.